तू आलीस की विकेट पडते

काल सूनबाई लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून मॅच बघत होती. तेवढ्यात आमचे चिरंजीव ओरडले, "आत जा गं, तू आलीस की विकेट पडते!" गेली बिचारी.

माझा नुसता संताप झाला. त्याचे वडीलही मला हेच म्हणायचे. अहो, मी अख्खं क्रिकेट पोळ्या लाटताना, बाहेरच्या आरडाओरड्यावरून शिकले. चौकार कुठला, झेल कुठला, आवाजावरून ओळखते. तरी म्हणे, आईला काय कळतंय त्यातलं!

मी गॅस बंद केला आणि सुनेला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. पुढच्याच चेंडूला विकेट पडली. सगळे आमच्याकडे बघायला लागले. ती उठायला लागली.

"बस गं," मी म्हटलं, "बाहेर जाणाऱ्या चेंडूला त्याने उगाच बॅट लावली. त्यात तुझं काय?"