तो परपुरुष

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, आणि हे लिहितानाही तसा काही विचार नाही.

मुकुंदवाडीत आमची पिठाची गिरणी आहे. आई गेल्यापासून घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी, दोघंच. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, एका खासगी शाळेत शिकवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत अण्णा दुपारी घरी जाऊन पडायचे आणि दोन ते पाच गिरणीवर मी बसायचे. त्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. अशा एका दुपारी तो आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक किलो ज्वारी.

"एवढीच?" मी विचारलं.

"एकटाच असतो."

आमच्याकडं एकटी राहणारी माणसं डबा लावतात. स्वतः भाकरी थापणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते. दोन दिवसांनी तो परत आला, पुन्हा एक किलो. मग एक दिवसाआड येऊ लागला. गिरणी चालू असली की बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. आम्हा दोघांना ती सवय फार लवकर लागली.

कुठला, असं विचारलं की म्हणायचा, "इकडचाच." काय करतोस, तर "सध्या बघतोय." त्यानं एक नाव सांगितलं होतं, ते पुढं खोटं निघालं. पण तेव्हा मला त्या न सांगण्याचीच ओढ लागली. ज्याचं काही कळत नाही तो माणूस त्या वयात खोल वाटतो.

स्वतःबद्दल न बोलणारा तो मला मात्र खूप विचारायचा. राग लवकर येतो का? लग्नानंतर नोकरी करशील? सासू बोलली तर उलटून बोलशील? आधी कुणी होतं का? मला वाटायचं, किती जीव लावून विचारतोय. इतकी वर्षं मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. कॉलेजात एक मुलगा आवडायचा, त्याला कधी बोलले नाही, हेसुद्धा.

एका रविवारी मैत्रिणीकडं जाते म्हणून मी त्याच्या गाडीवर बसून पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला गेले. रसवंतीत उसाचा रस प्यायलो. त्यानं माझा हात हातात घेतला आणि मी तो राहू दिला. निघताना म्हणाला, "बस गाडीवर, एक फोटो काढतो." दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात फोन दिला आणि पुढं येऊन बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "माझ्यासोबत पळून येशील?"

"पळून कशाला? घरी येऊन विचार की."

तो हसला. जून लागला आणि तो यायचा थांबला. स्टेशनच्या मागं खोली आहे म्हणाला होता. मी तिकडं जाऊन आले. तिथं तसा कुणी माणूस कधी राहिलाच नव्हता.

आठ दिवसांनी आमचे सोयरीक जमवणारे काका आले. मी पाणी घेऊन गेले तर दोघं गप्प झाले. काका गेल्यावर अण्णांनी फोन माझ्यापुढं धरला. त्यात मी होते, गाडीवर, हसत. पुढच्या माणसाचा चेहरा कापून टाकलेला, फक्त खांदा आणि त्यावर माझा हात.

"अजिंठ्याकडचं स्थळ आलं होतं तुला," अण्णा म्हणाले. "नाय म्हणले ते. पोरगी परपुरुषासोबत फिरती म्हणून."

एवढं बोलून ते गिरणीवर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. ताट मीच वाढायचे, ते खाली मान घालून जेवायचे.

ठरल्याशिवाय मुलीला काही सांगायचं नाही, म्हणून त्या स्थळाचा बायोडाटा अण्णांनी कपाटात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी तो काढला. फोटोत कोट घातलेला, केस चापून बसवलेले. उंची पाच फूट नऊ इंच. छंद वाचन आणि प्रवास. तोच.

मी रडले नाही. मला फक्त एकेक प्रश्न आठवत गेला, ओळीनं, आणि मी किती मन लावून उत्तरं दिली होती ते. स्वतः पेपर काढला, स्वतःच हात धरला आणि मला नापास केलं. त्या दुपारी मी ठरवलं की ह्याला सोडायचं नाही.

जुलैत त्या काकांच्या बायको गहू दळायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या अजिंठ्याकडच्या पोराला आता पडेगावची मुलगी बघतायत. लई गुणी हाय म्हणं, झेरॉक्सचं दुकान चालवती."

मी दुसऱ्याच दिवशी पडेगावला गेले. माझ्यापेक्षा लहान मुलगी होती, बावीसची असेल. मी सरळ विचारलं, "हल्ली एक जण येतो का तुझ्याकडं? गाव सांगत नाही, प्रश्न लई विचारतो?"

तिच्या हातातला कागद मशीनमध्ये वाकडा गेला. "एक दिवसाआड येतो," ती म्हणाली. "दर वेळी एकच कॉपी काढतो."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं तो वाकडा कागद ओढून काढला. मग म्हणाली, "ताई, काय करायचं सांगा."

"त्याला हवी तशी वाग. गाडीवर बसू नको. विचारलं तर म्हण, माझे आईवडील ठरवतील. आणि दुकानात एक फोटो काढून घे, दोघांचा. चेहऱ्यासकट."

ती पास झाली. ऑगस्टमध्ये पाहायचा कार्यक्रम ठरला. तिच्या आईला आम्ही विश्वासात घेतलं. आदल्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली आणि म्हणाले, "मी बी येतो."

पुढच्या खोलीत त्याचे आईवडील, तो आणि जमवणारे काका बसले होते. मुलीचे वडील दाराशी, अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर. मुलगी बाहेर आली, त्याच्याकडं बघून म्हणाली, "ह्यांना मी ओळखते." तो गालात हसला. त्याला वाटलं, आता गंमत उलगडणार. तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

पहिली बशी मी त्याच्याच हातात दिली. "राग लवकर येतो का तुम्हाला?" मी विचारलं. "आधी कुणी होतं का?"

"ही कोण?" त्याचे वडील म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणालात ती मुलगी. परपुरुषासोबत फिरणारी." मुलीनं फोन टेबलावर ठेवला. मी फोटोकडं बोट दाखवलं. "हा तो परपुरुष. माझ्याकडं दळण घेऊन यायचा, हिच्याकडं झेरॉक्स काढायला."

त्याची आई म्हणाली, "पोरगी पारखूनच घ्यावी लागती ना बाई! काय चुकलं?" म्हणजे घरालाच माहीत होतं. मुलीचे वडील उठले, दार उघडलं आणि "या आता" एवढंच म्हणाले. काकांनी एकही पोहा खाल्ला नाही.

परत येताना अण्णा म्हणाले, "माय, मी तुला विचारायला पाहिजे होतं."

"व्हय, पाहिजे होतं," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी पुढं काही जोडलं नाही.

काकांच्या तोंडून ही गोष्ट सगळ्या सोयऱ्यांत गेली. दोन वर्षं त्याचं कुठंच जमलं नाही. त्या दोन वर्षांत प्रत्येक मोडलेल्या बैठकीची बातमी मी काकांच्या बायकोकडून ऐकली आणि प्रत्येक वेळी मला छान झोप लागली.

गेल्या वर्षी त्याचं परभणीकडं जमलं. मी त्या मुलीचा नंबर मिळवला आणि लग्नाच्या महिनाभर आधी फोन केला. मी बोलायला सुरुवात केली तसं तिनं मला थांबवलं.

"तुम्ही गिरणीवाल्या ताई का? त्यांनी सांगितलंय मला सगळं. पहिल्याच भेटीत. त्यांना तुमची माफी मागायचीय."

एवढी वर्षं जपलेली गोष्ट त्यानं आधीच देऊन टाकली होती. माझ्याकडं सांगायला काही उरलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला त्या फोटोपेक्षा जास्त राग आला.

"फोन देऊ का त्यांना?" तिनं विचारलं. "इथंच आहेत."

मागं कुणीतरी खाकरलं. तो आवाज मी इतक्या जवळून ऐकला होता की ओळखायला वेळ लागला नाही.

"नको," मी म्हणाले. "माफी मागायची राहू दे त्याची."

आणि फोन ठेवला.