खळ्यावर बूट चालत नाहीत

आमच्या गावातल्या त्या माणसाचे दंड आता इतके फुगलेत की त्याला हात अंगाशी धरून उभं राहताच येत नाही. कायम दोन्ही काखांत कलिंगड धरल्यासारखा चालतो. देवळात आला तरी तसाच. नमस्काराला त्याचे हात जुळतात की नाही, हे बघायला आम्ही बायका मुद्दाम रेंगाळतो.

नाव नाही लिहीत. लिहिलं तर त्याला आनंदच होईल. कुणी शिव्या घातल्या तरी तो त्यांचा फोटो काढून मोबाईलवर लावतो आणि खाली हसरी तोंडं काढतो. लाखो लोक त्याला बघतात म्हणे. बघोत बापडे. आम्ही त्याला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून बघतोय, आणि त्याबद्दल आम्हाला कुणी हार घातले नाहीत.

त्याची आई आणि मी एकाच साली लग्न होऊन कोलशेतच्या या कोळीवाड्यात आलो. दोघींच्या सासवा खाष्ट, दोघींचे नवरे होडीवर. खाडीच्या काठाला आमचं खळं आहे, म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा. शेणानं सारवायची, वर जवळा पसरायचा, उन्हात पलटत बसायचं, कावळे हाकायचे. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, आता अर्धीअधिक ओली मासळी दुसऱ्या बंदरावरून टेम्पोत येते, पण वाळते ती आमच्याच खळ्यात. त्या खळ्यावर ह्याची आई ह्याला पाठीला बांधून वाकायची. भाकरी आणि जवळ्याची चटणी, त्याच्यावर वाढलेला पिंड आहे तो. आणि मोबाईलवर सांगतो काय, तर माझी बॉडी अमक्या डब्यातल्या पावडरीची. मी सुनेला म्हटलं, हा डबा तेव्हा कुठल्या दुकानात मिळायचा गं? मला तर दिसला नाही कधी.

आधी गावच्या तालमीत दोर चढायचा. तिथपर्यंत चांगला होता. मग वडिलांची जुनी जाळी बाहेर काढून घराच्या खालच्या मजल्यावर मशिनी बसवल्या. मग घोडबंदर रोडला मोठी जिम काढली, काचेची, रस्त्यावरून माणसं जागच्या जागी पळताना दिसतात अशी. धंदा केला, त्याचं वाईट नाही वाटत. टाळेबंदीत जिम बंद पडली आणि हा घरात बसून मोबाईलशी बोलायला लागला. पहिल्यांदा उठाबशा शिकवायचा. पण उठाबशांवर माणूस बोलून बोलून किती बोलणार? मग राजकारणावर आला.

अहो, कशावर बोलायचा नाही ते विचारा. रस्त्यातले खड्डे, दिल्ली, अमेरिका, सगळं. एका हातानं वजन वरखाली करत बोलायचं, म्हणजे बोलण्यालाही वजन आहे असं लोकांना वाटतं. एकदा तैवान आणि चीनचं काय होणार ते सांगत होता. मी त्याच्या आईला विचारलं, हे तैवान कुठं आलं? ती म्हणाली, "त्याला तरी कुठं म्हायती? कल्याणच्या पुढं त्यानं काय बघितलंय?"

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं मासळी बांधायच्या वर्तमानपत्रांवर वाचलं, तेही बहुतेक वेळा अर्धं, कारण उरलेला कागद गिऱ्हाईक घेऊन जायचं. पण अर्धी बातमी वाचलेल्या माणसाला निदान ठाऊक असतं की आपण अर्धीच वाचलीय. ह्याला तेवढंही नाही.

इथवर सगळी करमणूक होती. जेवताना सून मोबाईल लावायची, आम्ही हसायचो. मग महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं. दोन-तीन पक्षांची माणसं ह्याच्या जिममध्ये कॉफी प्यायला लागली. आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी हा आमच्या खळ्याच्या कडेला, नाकाला रुमाल लावून उभा असलेला मोबाईलवर दिसला.

"मित्रांनो," तो म्हणत होता, "एका बाजूला बघा, हे टॉवर, वर्ल्ड क्लास. आणि दुसऱ्या बाजूला हे. इथं श्वास घेऊन दाखवा. इथं काय पाहिजे? जॉगिंग ट्रॅक! फिट ठाणे, स्वच्छ खाडी!"

मागे, जवळ्यावर वाकलेली, मी होते. माझी पाठ दिसत होती.

आठवडाभरात दोन साहेब टेप घेऊन आले. खळ्याची लांबी-रुंदी मोजली, वर बघून टॉवर मोजल्यासारखं केलं आणि गेले. खळ्याला कागद नाही. आजेसासू वाळवत होती, सासू वाळवत होती, आम्ही वाळवतो, हाच आमचा कागद. खळं गेलं तर जवळा काय गॅलरीत वाळवायचा? आमच्यातल्या निम्म्या बायकांच्या घरात दुसरी कमाई नाही. माझ्याही नाही.

आम्ही चौघी-पाचजणी त्याच्या जिममध्ये गेलो. आत थंडगार, सगळीकडे आरसे, जिकडे बघावं तिकडे आम्हीच. गाणी कानठळ्या बसवणारी.

"या या, मावश्यांनो! काय घेणार? ब्लॅक कॉफी?"

"कॉफी नको. खळं पायजे," मी म्हटलं.

"मावशी, इमोशनल नका होऊ. तुमच्याच भल्याचं बोलतोय मी. किती वर्षं उन्हात वाकणार? मणके बघा तुमचे. पोश्चर बघा!"

आमच्यातली सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "मणका माझा हाय, तू त्याची काळजी करू नको. खळ्याचं बोल."

"ट्रॅक झाला की सकाळी तुम्हीच चालाल त्याच्यावर."

"आनि खाऊ काय? ट्रॅक?" म्हातारीनं विचारलं.

"वासाचा प्रॉब्लेम आहे ना, मावशी. लोक मला विचारतात, भाऊ, तुमच्या गावाचा वास कधी जाणार?"

"मग तू काय सांगतो? माझा गेला, आता आयेचा घालवतो?"

आरशासमोरचे त्याचे ट्रेनर फिस्सकन हसले आणि त्यानं बघितल्यावर एकदम वजनं उचलायला लागले.

"मावशी, लोक ऐकतात माझं. समजून घ्या जरा."

"लोक ऐकत असतील. तुझी आय ऐकते का, तेवढं विचार घरी जाऊन."

हे मी बोलले खरी, पण त्याची आई काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं. व्हिडिओ तिनंही बघितला होता. ती खळ्यावर रोजच्यासारखी येत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. मुलानं टॉवरमध्ये घर घेतलेलं, ही तिथं राहायला जात नव्हती. लिफ्टमध्ये चक्कर येते म्हणायची. पण मुलगा शेवटी मुलगा असतो. आमचंही तिच्याशी बोलणं तुटक झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका पाटीपाशी बसून एकमेकींकडे न बघता जवळा निवडायला लागलो. त्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग आला तो ह्याच्यासाठी.

मग पावसात खळं रिकामं झालं आणि नारळी पौर्णिमा आली. आमच्या गावात सोन्याच्या नारळाचा मान दर वर्षी वेगळ्या घराला असतो. सोनं म्हणजे सोनेरी कागद, उगाच डोळे विस्फारू नका. मानाच्या घरचा पुरुष नारळ हातात धरतो, पण रीत अशी की पुढं बायकांनी चालायचं. बायकांनी गाणं उचलल्याशिवाय नारळ हलत नाही. आणि भरती पुरी भरली असतानाच तो खाडीला द्यायचा, पाणी फिरल्यावर नाही. त्यानंतर होड्या सुटतात.

यंदा मान त्याच्या घराला होता. वर्षभर वाट बघत होता तो. कमरेला कोळी रुमाल, वर चकचकीत सोनेरी जाकीट, कॉलरला माईक, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. डोक्यावर एक ड्रोन घोंगावत होतं, गावातली कुत्री त्याच्यावर भुंकून भुंकून दमली. दारात मांडव, ढोल, पक्षाची माणसं. हा नारळ घेऊन उंबऱ्यात उभा. आणि पुढं एकही बाई नाही.

आम्ही सगळ्या खळ्यात बसलो होतो. हिरवी लुगडी, डोक्यात वेण्या, सगळा साजशृंगार करून रिकाम्या खळ्यात मांडी घालून. आदल्या दिवशी ठरवलं होतं आम्ही. त्याच्या आईला मात्र सांगितलं नव्हतं. दारात मान आलेल्या आईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पहिल्यांदा एक ट्रेनर धावत आला. "मावशी, चला ना, भाऊ लाईव्ह आहेत!"

"आमी पन जित्याच हाव," म्हातारी म्हणाली. "बस इथं."

मग गावचे पाटील आले, चिडलेले. "अगं बायांनो, पाणी भरत आलं! खाडीशी भांडण हाय का तुमचं?"

खरंच होतं ते. खाडीनं आमचं काय वाकडं केलं होतं? नारळ चुकला आणि होडीवर कुणाचं काही झालं तर? पाणी पायरीला लागलेलं दिसत होतं. एक-दोघी उठू का म्हणून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघितलं.

तेवढ्यात गल्लीतून त्याची आई आली. अनवाणी, हातात आरतीचं ताट. ती सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले. ती बसली.

तिच्या मागून तो आला, नारळ घेऊन. पुढं काठीला लावलेला मोबाईल, मागं ढोलवाले गप्प. खळ्यात पाय टाकणार, तोच आई म्हणाली, "बूट काढ."

खळ्यावर पायताण चालत नाही. अन्न पसरतो आम्ही तिथं. लहानपणी ह्याच कारणासाठी त्यानं आईचा मार खाल्लेला, पण आठवण राहायला दंडात जागा नसते.

"आये, लाईव्ह चालू हाय."

"मग दिसूदे लोकांना. काढ."

आता गंमत बघा. हातात नारळ, अंगात घट्ट जाकीट, वर ते दंड. त्याला खाली वाकताच येईना! आमचं पोश्चर बघणारा माणूस हा. शेवटी ट्रेनरनं गुडघ्यावर बसून नाड्या सोडल्या. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. तो अनवाणी आत आला.

"नारळ इथून निघेल," आई म्हणाली. "आनि आधी बोल, खळं ऱ्हानार का जानार?"

त्यानं आईकडे बघितलं नाही. मोबाईलकडे बघितलं. मी शेजारीच होते, मला दिसत होतं, काचेवर लाल बदामांचा पूर आलेला. एवढे बदाम त्याला चीन-तैवाननं कधी दिले नसतील. त्यानं घसा खाकरला, छाती पुढं काढली आणि भाषणाच्या आवाजात गरजला, "खळं राहणार! ही माझ्या आईची जागा आहे!" मूठ उगारायच्या नादात नारळ सुटत होता, पाटलांनी धरला.

आईनं गाणं उचललं. आम्ही उठलो. पाणी फिरायच्या आत नारळ खाडीला पोचला.

दुसऱ्या दिवशीपासून त्याची बोली बदलली. उन्हाळ्यात जी घाण होती ती आता वारसा झाली. जवळ्यात किती प्रोटीन असतं ते हातात वजन घेऊन सांगायला लागला. कुणीतरी खाली लिहिलं, भाऊ, मागं तर तुम्ही नाकाला रुमाल लावला होता. तर त्यानं तो रुमालवाला व्हिडिओच काढून टाकला. टेपवाले साहेब परत आले नाहीत. लोक मला म्हणतात, बघा, शेवटी आपलंच लेकरू. मी म्हणते, त्याला खळ्याचं प्रेम आलं असेल तर माझ्या डोक्यावरही ड्रोन फिरवा. त्याला बदाम दिसले. उद्या दुसरीकडे जास्त दिसले की पुन्हा रुमाल काढेल. म्हणून आम्ही अजून सावध असतो.

दिवाळी झाल्यावर तो पुन्हा आला, शूटिंगला. बूट आधीच काढून आलेला, एवढं शिकला. आईनं त्याच्या हातात खराटा दिला. "जवला पलट."

त्यानं पलटला, कॅमेरा चालू होता तोवर. मग घाम पुसत, आईला वाकून नमस्कार करत, तोही पुन्हा एकदा, कारण पहिला नीट आला नव्हता, गाडीत बसून गेला.

त्यानं जवळ्याचा नुसता ढीग करून ठेवला होता. आम्ही दोघींनी खराटे घेतले आणि तो परत पसरायला लागलो.

"फुगलाय नुसता," त्याची आई म्हणाली.

"वाळेल," मी म्हटलं.