घडी करून परत ठेवलेली शाल

काका गेल्यावर त्यांची ट्रंक माझ्याकडे आली. काल उघडली तर डांबरगोळ्यांचा वास आणि आत नुसत्या शालीच शाली. काका तंजावूरहून दोनदा लोकसभेवर गेले. आमच्या मुलुखात पुढाऱ्याला भेटायला जाणारा शाल घेऊन जातो, आणि पुढारी तीच दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर घालतो. आलेल्या शालींच्या घड्या घालायचं काम माझं होतं.

काका दुसऱ्यांदा निवडून आले त्या आठवड्यात पापनाशमकडची एक बाई आली. तिच्या गावची मुलं कालव्यावर टाकलेल्या ताडाच्या खोडावरून शाळेत जात. तिला तिथे पूल हवा होता. काका तमिळमध्ये ‘पाक्कलाम’, म्हणजे ‘बघू या’, म्हणाले आणि मी पुढे केलेली जरीकाठी शाल त्यांनी तिच्या खांद्यावर घातली. फोटोही निघाला.

बाईनं शाल काढली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

“मागच्या खेपेलाही शालच दिलीत, अय्या. तेव्हा माझी मुलगी चालत होती. त्या खोडावरून पडल्यापासून तिला उचलून न्यावं लागतं.”

मला संताप आला. “काय उर्मट बाई!” असं मी काकूला म्हणालेसुद्धा.

काल एकेक शाल उलगडून मी त्या बाईची शोधत बसले. मग आठवलं, ती इथे असणारच नाही. बाई उंबरा ओलांडायच्या आत मी ती उचलून, पुढच्या माणसासाठी, काकांच्या हातात दिली होती.