कपड्याचा साबण आणि आप्पांचा चर्चामंच

आमच्या थोरल्या मेहुण्यांइतका शिस्तीने बोलणारा मनुष्य शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही, हे मी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात हयात घालवल्याच्या अधिकाराने नमूद करतो. कारेगावच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आप्पा इंटरनेटवर पाण्याच्या मोटारींचा चर्चामंच चालवतात. तिथे मोटारीच्या एका दुखण्याला एकच धागा, म्हणजे एक प्रश्न आणि त्याखाली ओळीने त्याचीच उत्तरे. प्रश्न विचारण्याआधी जुने धागे वाचायचे आणि काम झाले की खाली 'सुटले' असे लिहायचे. घरीही हाच कायदा. एका साखरपुड्यात मुहूर्ताचे बोलता बोलता कोणी कांद्याचा भाव काढला, तेव्हा आप्पा भर मांडवात कडाडले, "कांद्याला येगळा धागा काढा!"

परंतु लोक व्हॉट्सअ‍ॅपकडे गेले. आठ महिने मंचावर कोणी फिरकले नाही, तेव्हा आप्पा माझ्या टेबलाशी येऊन बसले. "दाजी, आज मंच बंद करतो. तुमच्या भाषेत एक नोटीस लिवा." 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून मी मजकूर असा काही सजवला, की वाचताना खुद्द आप्पांनीच डोळे पुसले.

तेवढ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, भांडगावहून फोन आला. विहिरीवरची मोटार फिरत होती, पण पाणी चढत नव्हते आणि ऐन तोडणीची शेवंती माना टाकत होती. गावच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला होता. त्याला बावीस अंगठे, वाढदिवसाचे दोन केक आणि पाणी वाचवण्याविषयी एक सुविचार प्राप्त झाला होता.

"मंचावरचा जुना धागा वाचलास का?"

"आप्पा, हितं फुलं मरत्यात आन् तुमी वाचाय लावताय व्हय!"

"आधी वाच."

ती फोनवरच मोठ्याने वाचू लागली. पाबळच्या एका आबांनी कैक वर्षांपूर्वी लिहिलेले होते: 'मोटार चालू ठिवा. हिरीतनं पाणी वढणाऱ्या सक्शन पाइपाच्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. फेस जितं आत वढला जाईल, तितनं हवा शिरतीया. साबण कपड्याचा घ्या, अंगाचा न्हाई.'

अर्ध्या तासाने पुन्हा फोन वाजला. मागे पाणी धो धो पडत होते. "आलं, आप्पा! कोपऱ्यातल्या सांध्यानं फेस गिळला, तितं टेप आवळली!"

मी फोन घेऊन, मंच आज बंद होत असल्याचे तिला रीतसर कळवले.

"बंद? मग पुढच्या टायमाला पाइपाला केक लावू का, दाजी?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद फाडण्याचा माझ्या कारकिर्दीतला तो पहिला प्रसंग. आणि सांगतो, इतक्या समाधानाने मी आजवर कशावर सहीसुद्धा केलेली नाही.

मग आप्पांनी त्या धाग्याखाली लिहिले: 'आबा, सुटले.' पाबळचे आबा जाऊन चार वर्षे झाली. त्यांच्या दहाव्याला आप्पा स्वतः गेले होते. तरीही त्यांनी फोन खिशात घातला नाही. माझी दोन गिऱ्हाइके होईपर्यंत तो टेबलावर सरळ ठेवून, त्याच्याकडे पाहत ते बसून राहिले.