दाराशी ठेवलेला मात्झा

भूकंपानंतर जपानमधल्या इचिकावात आम्ही सगळ्यांनीच दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती: पाणी, टॉर्च, बिस्किटं. शेजारच्या अमेरिकन ज्यू आजींनी सण संपल्यावर उरलेला मात्झा मला आणून दिला. मात्झा म्हणजे त्यांची न फुगवता भाजलेली कडक पोळी. मी चवही न बघता खोका पिशवीत कोंबला. खाकऱ्यासारखी दिसणारी वस्तू वर्षभर टिकणारच.

रविवारी सकाळी आजींनी विचारलं, "मात्झा नाश्त्याला केलास का?" मी पिशवी उघडून दाखवली. रागावतील असं वाटलं, पण त्या म्हणाल्या, "आमचे पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून पळाले तेव्हा पीठ फुगेपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता. जागा बरोबर निवडलीस. पण आज आपल्याला कुठे पळायचंय?"

माझ्याच ओट्याशी त्यांनी मात्झाचे तुकडे पाण्यात भिजवले, फेटलेल्या अंड्यात कालवले आणि लोण्यावर परतले. मी न विचारता मिरची-कोथिंबीर टाकली. फिकं मला चालत नाही.

पहिला घास घेतला आणि घर हललं. वरचा दिवा डोलायला लागला. आम्ही दोघींनी आपापली बशी धरली आणि दिवा थांबेपर्यंत खात राहिलो. दाराकडे एकदाही पाहिलं नाही.