सांडशीशिवाय

हडपसरला आयटी पार्क उभा राहत होता तेव्हापासून त्याच्या फाटकासमोर माझी चहाची टपरी आहे. अर्ध्या अमेरिकेचे कंप्युटर माझ्या चहावर चालत. मी सुट्टी घेतली तर तिकडे विमानं उतरायची थांबतात, असं मी सांगायचो आणि गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मंडळी हसत दुसरा कप मागायची.

खरी ख्याती मात्र माझ्या उजव्या हाताची. उकळतं पातेलं मी सांडशीशिवाय उचलायचो.

"काका, चटका बसत नाही?"

"विदर्भातला माणूस आहे. आमच्याकडे सावली याच्याहून गरम असते."

शनिवार पेठेतून येणारे एक साहेब म्हणाले, "अहो, मग सांडशी भंगारात द्या. उगाच टपरीत गर्दी."

मी खरोखर दिली.

करंगळीच्या बाजूने हात बधिर होत चाललाय, हे मला ठाऊक होतं. कोपराखालच्या फिकट चट्ट्यावर मी पूर्ण बाहीचा शर्ट घालायचो. घरोघर चट्ट्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी बाईंना दारातूनच "आम्ही ठणठणीत" म्हणून वाटेला लावलं होतं. खोलीमालकाला कळलं तर बिऱ्हाड रस्त्यावर, धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं, आणि एक सकाळ बुडाली की गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर. शिवाय बधिरपणा दुखत नाही, हे त्याचं कपट. दुखला असता तर पहिल्याच आठवड्यात धावलो असतो.

एकदा बायको डबा घेऊन आली आणि नाक मुरडून उभी राहिली.

"काऊन जी, काहीतरी जळून राह्यलं."

"दूध उतू गेलं असेल."

"दूध नाही. तुमचा हात!"

गप्पांच्या नादात हात स्टोव्हच्या कडेला टेकला होता. पुरीएवढा फोड, आणि मला पत्ता नाही. पाचशे गिऱ्हाइकं उभी असताना (बरं, पंधरा) तिने स्टोव्ह विझवला आणि मला रिक्षात कोंबून सरकारी दवाखान्यात नेलं.

समोर त्याच तपासणीच्या बाई. "या, ठणठणीत. डोळे मिटा. पेन टेकवीन तिथे बोट ठेवा."

मी पापण्या किलकिल्या ठेवल्या. एकूणएक ठिकाणं बरोबर! बाईंनी मध्ये वर्तमानपत्र आडवं धरलं. "आता?" मी ऐटीत करंगळी दाखवली. वर्तमानपत्र बाजूला झालं. पेन केव्हाच त्यांच्या खिशात गेलं होतं.

"कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी बरा होतो," त्या म्हणाल्या. "पण ही दोन बोटं वळायला लागलीत. गोळ्यांनी ती सरळ होतीलच असं नाही."

"मग कशानं होतील जी?" बायकोने विचारलं.

"रोज हात भिजवा, तेल लावा, बोटं ताणा. उशीर केलात. बघू."

ते "बघू" मला झोंबलं. माझा हात आणि बघू? मी रोज हात भिजवला, तेल चोळलं, मांडीवर बोटं ताणली, बसमध्येसुद्धा. नवी सांडशी आणली. खोलीमालकाला गोळ्यांचं पाकीट मीच दाखवलं, औषध सुरू झालं की लागण होत नाही हेही सांगितलं. पंधरा दिवस त्याने माझा चहा घेतला नाही. सोळाव्या दिवशी तलफ जिंकली.

वर्षभरात अनामिका सरळ झाली. करंगळी अजून वाकडी आहे. मीही सोडलेली नाही.

परवा समोरच्या बांधकामावर विटा वाहणारी एक बाई अनवाणी चहाला आली. फुशारकीने म्हणाली, "माजा पाय लय दणकट हाय, दादा. खिळा घुसला तरी कळलं नाय."

मी स्टोव्ह विझवला.

"काका, मीटिंग आहे! चहा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"अमेरिकेला थांबायला सांगा."

"दादा, मला खाडा पडंल," ती म्हणाली.

"पडू दे. बस इथं, डोळे मिट."

तिने मिटले. पापण्या किंचित हलल्या. मी वर्तमानपत्र आडवं धरलं.