एक हिट, माझ्या अक्षरात

बेसबॉलमध्ये पोरानं चूक केली की ती कागदावर लिहायला एक माणूस बसवलेला असतो. आमच्या स्टुटगार्टच्या क्लबात ते काम माझ्याकडे होतं आणि पोरगा माझाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नाशकात असताना बेसबॉल म्हणजे सिनेमातल्या गुंडांच्या हातातला दांडका, एवढंच मला ठाऊक होतं. सासरी-माहेरी कुणी तो खेळ बघितलासुद्धा नव्हता. मग आम्ही त्यात कसे पडलो? शाळेमुळे.

इथे चौथी संपत आली की बाई पालकांना बोलावतात आणि मुलानं पुढे कुठल्या शाळेत जावं याची शिफारस हातात ठेवतात. गिम्नाझियम म्हणजे युनिव्हर्सिटीकडे सरळ जाणारी शाळा. आमच्या कागदावर त्याच्या खालची, रेआलशूले लिहिली होती. बाप इंजिनिअर, आई एम.एस्सी., आणि पोरगं रेआलशूलेत? छे! आम्ही बाईंचं ऐकलं नाही, हट्टानं गिम्नाझियममध्ये घातलं. दीड वर्षात त्यांनी त्याला अगदी गोड बोलून खाली पाठवलं. त्यानंतर पोरगा घरात असून नसल्यासारखा झाला. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये, तेही एका शब्दाचं. आधी 'या' म्हणजे हो, मग 'नाइन' म्हणजे नाही, मग नुसतं दार लावल्याचा आवाज.

एका रविवारी त्याचे बाबा त्याला बळंच पार्किंगमध्ये टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायला घेऊन गेले. तिथून बेसबॉल क्लबाचा ट्रेनर चालला होता. तो थांबला, पोराचे दहा-बारा थ्रो बघितले आणि म्हणाला, "एअर हाट आइनेन आर्म." याला हात आहे. मी वर बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. ऐकलं आणि ओला टॉवेल तोंडाला लावून रडले. माझ्या मुलाकडे काहीतरी आहे, असं दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं.

बस्स, तिथून सुरू झालं.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असं म्हणणाऱ्यानं जर्मनीत पोराला बेसबॉल खेळवला नसणार. फुटबॉलचा क्लब इथे गल्लीगल्लीत आहे. बेसबॉलचा समोरचा संघ शोधायला मात्र दोन-दोनशे किलोमीटर जावं लागतं. पोरगा बरा खेळायला लागला तसं त्याला फिरत्या संघात घेतलं, म्हणजे शनिवार-रविवार सगळा गाडीत. हॉटेल, पेट्रोल, हिवाळ्यातल्या हॉलचं भाडं, वर खासगी कोचिंग. ग्लोव्ह अमेरिकेहून मागवायचा, बॅट एका उंचीला एक, दुसऱ्या उंचीला दुसरी. बूट तर दर सहा महिन्यांनी तोंड वासायचे. त्यावर प्रत्येक सामन्याला पालकांनी केक करून न्यायचा. मी रव्याचा केक न्यायचे. त्या लोकांना तो फार आवडायचा, आणि त्याचाही मला राग यायचा.

कुंपणाशी उभे राहून आम्ही सगळेच पालक कुरकुरायचो. एक जर्मन आई म्हणायची, एवढ्या पैशात मी घोडा पाळला असता, निदान म्हातारपणी त्यावर बसले तरी असते. आम्ही सगळ्याजणी खदखदून हसायचो. यातून पुढे काय मिळणार, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. या देशात बेसबॉलवर कुणाचं पोट भरत नाही. तरी पुढच्या शनिवारी आम्ही सगळे केकचे डबे घेऊन पुन्हा हजर.

स्कोअरर मी कशी झाले? तर प्रत्येक संघानं स्वतःचा परीक्षा दिलेला स्कोअरर आणायचा, असा नियम होता. पालकांपैकी कुणी तयार होईना. मी हात वर केला. क्लबावर उपकार म्हणून नाही हं, खोटं कशाला बोलू? आपण कामाला आलो तर पोराला बाकावर बसवताना ट्रेनर दोनदा विचार करेल, हा हिशेब होता माझा. दोन दिवसांचा कोर्स जर्मनमध्ये केला, परीक्षा दिली, पास झाले. घरात कुणाला पेढे वाटावेसे वाटले नाहीत, मला वाटले.

त्या कोर्सात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली होती. फलंदाजानं चेंडू मारला आणि तो बेसवर, म्हणजे पळत गाठायच्या ठाण्यावर, सुखरूप पोचला, तर त्याचं श्रेय कुणाचं? मार चांगला असेल तर ती त्याची हिट. पण क्षेत्ररक्षकानं साधारण प्रयत्नात अडवायला हवा असा चेंडू सोडला असेल, तर ती त्या क्षेत्ररक्षकाची चूक, एरर. हे अंपायर ठरवत नाही, स्कोअरर ठरवतो. म्हणजे मी. आमचा पोरगा शॉर्टस्टॉपला उभा राहायचा, त्या जागेचा आकडा सहा. तेव्हा त्याच्या हातून चेंडू सुटला की मी माझ्या हातानं लिहायचे, ई सहा. सुरुवातीला पेन जड व्हायचं, नंतर सवय झाली. अशा किती चुका मी त्याच्या लिहिल्या असतील. आणि तो फलंदाजीला आला की त्याच्या हिटही मीच लिहायचे, त्या लिहिताना अक्षर जरा सुबक यायचं एवढंच.

पोराची एक वही होती. सामना संपला की पाण्याची बाटली घेऊन तो माझ्या टेबलाशी यायचा, कागद वाचायचा आणि घरी जाऊन आपले आकडे त्या वहीत उतरवायचा. हिट किती, चुका किती. शाळेच्या वह्यांना कधी कव्हर घातलं नाही पठ्ठ्यानं, पण या वहीला घातलं होतं. दोन वर्षांचे सामने होते तिच्यात. त्या टेबलाशी तो माझ्याशी बोलायचा, पूर्ण वाक्यांत. त्या पाच मिनिटांसाठी मी आठवडाभर सगळं सहन करायचे.

या सगळ्यात आमच्या भारताच्या दोन फेऱ्या बुडाल्या. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे स्पर्धा, आणि तिकिटाचे पैसे स्पर्धेतच गेलेले. मग सासूबाई गेल्यापासून नाशकात एकटे असलेले सासरेच तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात काढलेले. त्यांना राजवाडे दाखवू, ऱ्हाइनमधून बोटीनं नेऊ असं ठरवलं होतं. दाखवली काय, तर बेसबॉलची मैदानं.

ते आले त्याच महिन्यात नवऱ्याच्या कंपनीनं कळवलं की डिसेंबरनंतर कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. नवरा दोन रात्री खर्चाचे कागद मांडून बसला. मग एका सकाळी चहा घेता घेता मला म्हणाला, "यंदा राज्याच्या संघात निवड झाली तर कसंही करून पुढे नेऊ. नाही झाली तर बास. मला आता नाही गं झेपत."

"त्याला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. तूही सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. पण बास म्हणजे काय, ते मला दिसत होतं. ते बंद दार आणि तो एक शब्द. या वेळी खाली उतरवणारे आम्ही असणार होतो.

निवडीआधीची शेवटची स्पर्धा हॅनोव्हरला होती. "किती तास?" बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं. सहा म्हटल्यावर म्हणाले, "अगं, पाचशे किलोमीटर म्हणजे रातराणी सोडतो आम्ही! आणि तिथे जाऊन हा चेंडू झेलणार?" पण आले हौसेनं. माझ्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले. मी रकाने आखत होते ते बघून खूष झाले.

"हे तर आमच्या कंडक्टरचं वेबिल आहे गं अगदी. यात गडबड केली की माणूस घरी बसायचा आमच्याकडे."

"इथे कोण तपासतंय बाबा," मी म्हटलं.

रविवारी दुपारी शेवटचा सामना, अधिकृत कागद माझ्याकडे. आमच्या राज्याच्या संघाचे दोन निवडकर्ते पलीकडे छत्रीखाली वह्या घेऊन बसलेले. पोरानं सकाळपासून छान खेळ केला होता. दोन हिट, दोन्ही खणखणीत.  नवरा कुंपणाला धरून उभा, त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पाचव्या डावात चेंडू सरळ पोराकडे आला. जमिनीलगत, ना वेग ना वळण. असे चेंडू तो झोपेत अडवायचा. ग्लोव्हच्या कडेला लागला आणि बाहेर उडाला. त्यानं झडप घातली, फेकला, पण तोवर फलंदाज बेसवर पोचला होता. माझ्या शेजारी धावफलक सांभाळणारी दुसऱ्या संघाची एक आई बसली होती, ती हळूच म्हणाली, "शाडे." वाईट झालं. म्हणजे तिलाही दिसलं होतं.

पेन कागदावर टेकलं. साधारण प्रयत्न. माझ्या मनात काय आलं ते सांगते. डिसेंबर आला. बंद दार आलं. मग म्हटलं, कुणाचं काय जातंय? समोरच्या पोराला एक हिट जास्त, तोही खूष. आणि मी हिटची तिरपी रेघ ओढली. रेघ अगदी सुबक आली. त्याचीच मला आजही लाज वाटते.

शेजारच्या बाईनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळ्यावर हिटचा आकडा एकानं वाढवला.

सामना संपला. नेहमीसारखा तो बाटली घेऊन आला, घामानं निथळत. बोट फिरवत फिरवत पाचव्या डावावर आला आणि थांबला.

"दास वार आइन एरर," तो म्हणाला. ही चूक होती.

"अरे, अवघड होता तो चेंडू," मी मराठीत म्हटलं.

"नाइन. माइन एरर." माझी चूक. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला पदर असता तर तोंड लपवलं असतं. "आई, बदल."

कागदावर अजून सह्या व्हायच्या होत्या. मी रेघ खोडली आणि वर लिहिलं, ई सहा. मागून बाबा बघत होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खाडाखोड कळत होती. 

थोड्या वेळानं निवडकर्त्यांपैकी एक जण फायलीसाठी कागदाची प्रत न्यायला आला. माझ्या अक्षराची तारीफ केली. मी धीर करून विचारलं, निवडीसाठी हे आकडे किती बघता? तो हसला. बघतच नाही म्हणाला. आम्ही पाय बघतो, पोरं कशी हलतात ते बघतो, यादी तर काल संध्याकाळीच ठरली. तास-दीड तासानं त्यांनी यादी वाचली. आमचं नाव नव्हतं.

म्हणजे त्या रेघेनं काहीही होणार नव्हतं. काही म्हणजे काही नाही! कशासाठी केलं मी ते?

त्याच संध्याकाळी परत निघालो. नवरा गाडी चालवत होता, बाबा त्याच्या शेजारी, मी आणि पोरगा मागे. वही त्याच्या मांडीवर होती, उघडलेली नव्हती. कासेल मागे पडलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उंड माइने हिट्स? वारेन दी एश्ट?"

 मी लगेच म्हटलं, "अरे खऱ्या होत्या रे! सगळ्या! आजच एकदा, देवाशप्पथ."

"काय म्हणाला गं तो?" बाबांनी वळून विचारलं.

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, पण सांगायचं मलाच होतं.

"विचारतोय, त्याच्या हिट तरी खऱ्या होत्या का."

"मग सांग की त्याला."

"सांगितलं, बाबा."

"मग?"

मी पोराकडे पाहिलं. तो "ओके" म्हणाला. अगदी सभ्यपणे, दुकानात सुटे पैसे परत घेताना म्हणतात तसं.

खेळ आम्हाला बंद करावा लागलाच नाही. पुढच्या शनिवारी तो उठला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाबा नाशकाला परतले, नवऱ्याला ड्युसेलडॉर्फला काम मिळालं, आम्ही घर बदललं. सामान बांधताना ती वही मला कचऱ्याच्या पिशवीत सापडली, कव्हरसकट. मी ती काढून माझ्या कपाटात ठेवली आहे. हॅनोव्हरचा सामना तिच्यात नाही, त्यातल्या त्या दोन खणखणीत हिटही नाहीत. कधी कधी काढून बघते. दोन वर्षांच्या सगळ्या हिट त्याच्या स्वतःच्या आहेत, एकही मी दिलेली नाही. पण त्याला हे सांगू शकेल अशी साक्षीदार एकच आहे, आणि ती मी आहे.